हिरालाल गजभियेची खारी टाकी

वरठीहून समुद्र किती लांब, असं हिरालाल गजभियेला विचारलं तर तो आकडा सांगतो: रेल्वेनं नऊशे किलोमीटर, दोन-चार इकडेतिकडे. आकड्याशिवाय बोलणं त्याला जमत नाही. तर या नऊशे किलोमीटरवरच्या माणसानं आपल्या पुढच्या खोलीत, टीव्हीची जागा मोकळी करून, समुद्र आणून ठेवला. गाव हसलं. हसणारच. इथे मासा म्हणजे बोडीतला, तलावातला, फार तर वैनगंगेतला; आणि मासा ही काही बघत बसायची गोष्ट नव्हे, खायची आहे. त्यात हा सांगतो, पाण्यात मीठ मोजून घालतो म्हणून. शेजारची वच्छला तर तोंडावरच म्हणाली, "भाऊजी, मीठ टाकलंच हाये तं हळद-तिखट बी टाकून घ्या." हिरालाल हसला नाही. रागावलाही नाही. त्या दिवसांत त्याला दोन्ही येत नव्हतं.

एकतीस वर्षं तो पोलाद कारखान्यात पाण्याच्या खात्यात होता. नदीचं पाणी घ्यायचं, त्यातलं क्षार-चुना-लोह सगळं काढून टाकायचं आणि बॉयलरला पाठवायचं. दर तासाला नमुना, दर तासाला तक्ता. नवा लागला तेव्हा त्याच्या साहेबानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की इतकं शुद्ध केलेलं पाणी भुकेलं असतं. ज्या भांड्यात ठेवाल त्या भांड्यालाच खातं. हिरालालनं हे एकतीस वर्षं नव्या पोरांना सांगितलं. घरी मात्र तो काही सांगत नसे. भाजीत मीठ नसलं तरी निमूट जेवायचा आणि भांडं घासायला ठेवून उठायचा. लोक त्याला शांत म्हणत. मला विचाराल तर तो शांत नव्हता, घुमा होता. घरात दोघं एकमेकांना सांभाळून घेतात म्हणजे काय करतात, तर एकमेकांपासून गोष्टी लपवतात, असा त्याचा समज होता, आणि त्या समजानंच घर बुडवलं.

झालं असं. दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये त्याची मुलगी खुशबू गेली. सव्वीस वर्षांची होती, नागपूरच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. ज्या साथीतल्या लोकांना ती ऑक्सिजन लावत होती त्याच साथीनं तिला नेलं. हिरालाल एकटाच तिथे होता. थोरला मुलगा अश्विन पुण्यात अडकलेला, आणि बायको मंगलाबाई इकडे वरठीत तापानं फणफणलेली, बोटाला लावायचं यंत्र नव्वदच्या आसपास आकडा दाखवत होतं. पोरीला महानगरपालिकेच्या गाडीतून घाटावर नेलं, याला लांब उभं राहायला सांगितलं, आणि दुपारी हा घरी आला. दारातच मंगलाबाईनं विचारलं, "कशी हाये?"

"बरी हाये," हिरालाल म्हणाला.

त्याचा हिशोब सरळ होता. नव्वदच्या आकड्यावर असलेल्या बाईला ही बातमी सांगितली तर तीही जाईल. पंचाण्णव झाला की सांगू. आकडा पंचाण्णव व्हायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस हिरालाल रोज संध्याकाळी फोन घेऊन अंगणात जायचा, बंद फोन कानाला लावून दहा मिनिटं उभा राहायचा आणि आत येऊन पोरीची खबर सांगायचा. अश्विनलाही त्यानं गप्प राहायला लावलं. दहाव्या दिवशी यंत्रावर पंचाण्णव दिसलं, तेव्हा त्यानं खरं सांगितलं. मंगलाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "बरं."

त्या एका "बरं"वर पुढची अडीच वर्षं गेली. भात व्हायचा, वरण व्हायचं, अंगण झाडलं जायचं. हिरालालनं काही विचारलं की उत्तर "बरं." बाजारातून काही आणलं की "बरं." करडीहून, तिच्या माहेरून, भावजय जनाबाई चार दिवस राहायला आली आणि जाताना हिरालालला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, बाई घरात हाये का नाही तेच समजून नाही राहिलं." हिरालालला ते समजत होतं. पण त्याचं स्वतःचंही काही वेगळं नव्हतं. तो निवृत्त झाला, कारखान्यात हार घातला गेला, फोटो निघाला. फोटोतला माणूस त्याला ओळखीचा वाटला, इतकंच. त्याला दुःख होत नव्हतं, हीच त्याची अडचण होती. दाढ काढताना सुई देतात आणि मग ओठ आपलाच असून आपला लागत नाही, तसा तो सगळाच होता.

मग दोन हजार तेवीसच्या सहा डिसेंबरला ही दोघं दादरला गेली. खुशबू असताना दरवर्षी जायची, मध्ये खंड पडला होता. भंडारा रोडवरून गाडी पकडली, दादरच्या लांबलचक रांगेत रात्र आणि अर्धा दिवस काढला, बाबासाहेबांपुढे डोकं टेकलं आणि बाहेर येऊन समुद्रासमोर बसली. मंगलाबाई तासभर पाण्याकडे बघत राहिली. हिरालालनं चहा आणला, तो निवला. उठताना ती म्हणाली, "लय पाणी हाये."

बस, इतकंच. दुसरा कुणी असता तर "हो ना" म्हणून पुढे गेला असता. पण अडीच वर्षांत तिनं आपणहून काढलेले हे पहिले शब्द होते, आणि हिरालालनं ते धरून ठेवले. परतीच्या गाडीत, अकोल्याच्या आसपास, त्यानं ठरवलं की हिच्यासाठी घरात समुद्र करायचा. माणूस पाण्याच्या खात्यातला. दुसरं त्याला येत तरी काय होतं? तिला पुन्हा बोलतं करायचं होतं. टाकी हा फक्त उपाय होता.

कामाला लागला तो मात्र खऱ्या ऑपरेटरसारखा. तीन महिने नुसतं वाचलं, मोबाइलवर व्हिडिओ बघितले, वहीत आकृत्या काढल्या. वरठीच्या वेल्डरकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घेतला आणि त्याला तीन हात रंग दिला. तीन फुटांची काचेची टाकी नागपूरहून आणली. तिच्या खाली, स्टँडच्या पोटात, दुसरी छोटी टाकी बसवली. वरचं पाणी नळीनं खाली यायचं, तिथे गाळलं जायचं, पंपानं पुन्हा वर जायचं. समुद्रासारखी ओढ राहावी म्हणून दोन बाजूंना पाणी ढकलणारे पंखे लावले. पाण्यातली घाण फेसावाटे बाहेर काढणारं यंत्र विकत घेतलं, ते नीट चालेना, मग खोलून त्याची हवेची नळी बदलली आणि विकतच्यापेक्षा चांगलं चालवलं. गाळणीच्या यंत्रातून शुद्ध केलेलं पाणी घेऊन त्यात समुद्राचं मीठ विरघळवलं. पुण्याहून अश्विननं कोरडे, जाळीदार दगड पाठवले, ते हिरालालनं दोन दिवस खपून एकावर एक रचले. मधून गुहेसारखी वाट ठेवली.

आणि एका गोष्टीवर तो हटून बसला: तांबं-पितळ टाकीच्या जवळपासही नको. समुद्रातल्या बिनकण्याच्या जिवांना तांबं म्हणजे विष. मासा एक वेळ सोसतो. कोरल, गोगलगाय, झिंगा नाही सोसत. आता भंडाऱ्यासारख्या पितळी भांड्यांच्या गावात जाऊन नळाचा खटका प्लास्टिकचाच पाहिजे म्हणून भांडायचं, म्हणजे दुकानदाराला केवढं लागलं असेल! "भंडाऱ्यात येऊन पितळ नोको म्हंता काका?" तो म्हणाला. हिरालालनं त्याला पाच मिनिटं कारण समजावलं. वेल्डरला समजावलं. वायरिंगवाल्याला समजावलं, की तांब्याची तार उघडी राहता कामा नये. सगळ्यांना सांगितलं. मंगलाबाईला सांगितलं नाही. तिला काय सांगायचं, तिचा काय संबंध, असंही त्याच्या मनात आलं नाही; मनात काहीच आलं नाही. सांगायची सवयच नव्हती.

दीड महिना टाकीत नुसतं पाणी फिरत राहिलं. पाणी पिकावं लागतं, म्हणजे घाण पचवणारे जंतू त्यात वाढावे लागतात, त्याला घाई चालत नाही. रिकाम्या टाकीपुढे स्टूल टाकून हा नुसता बसायचा, तेव्हा गावानं ठरवून टाकलं की गजभिये भाऊंच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. मग गोगलगायी आल्या. मग नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आले. लाल पाठीचा एक झिंगा आला. शेवटी नागपूरच्या एका हौशी माणसानं आपल्या टाकीत वाढवलेल्या मऊ कोरलची पाच-सहा रोपं दिली. त्यातलं एक फिक्या गुलाबी रंगाचं होतं. त्याच्या देठांच्या टोकाला छोटे छोटे पंजे असतात आणि ते दिवसभर उघडतात, मिटतात.

ते लावल्याच्या तिसऱ्या दिवशी मंगलाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि टाकीपुढे थांबली. बराच वेळ थांबली.

"हे काय करून राहिलं?" तिनं विचारलं.

"पाण्यातलं अन्न धरते म्हणतात. नक्की कोणालेच ठाऊक नाही."

"तान्ह्या पोराच्या मुठी अशाच राह्यते," ती म्हणाली आणि आत गेली.

हिरालाल स्टुलावर बसून राहिला. त्याला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. पण त्यानं त्या दिवशीच्या तक्त्यात, तापमान आणि खारेपणाच्या आकड्यांखाली, "मंगला बोलली" असं लिहिलं.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. झिंग्याला तिनं मोनू नाव ठेवलं. मासे भांडले तर ती त्यांना दटावायची. वच्छलेला हात धरून आणून मुठी दाखवल्या. हळूहळू तिला टाकीचं वेळापत्रक पाठ झालं. दोन हजार पंचवीसचा उन्हाळा लागला तसा हिरालालनं आणखी एक बदल केला: पाण्यावर वारा घालणारे छोटे पंखे बसवले, कारण बाहेर पंचेचाळीस झालं तरी आत सत्तावीसच्या वर जाऊन चालत नाही. पंख्यांनी पाणी गार राहायचं, पण उडायचंही. रोज सहा-सात लिटर. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या शुद्ध पाण्याची. खालच्या टाकीवर लाल रेघ ओढलेली होती. रेघेपर्यंत पाणी आणायचं.

"थे मी टाकत जाईन," मंगलाबाई एके दिवशी म्हणाली. "तुमी सकाळी भाजीले जाता, तवा."

हिरालालनं शुद्ध पाण्याच्या निळ्या ड्रमाकडे बोट केलं, पाणी यातलं, रेघ ही, असं दाखवलं, आणि झोळी घेऊन बाजाराला गेला. चार वर्षांत तिनं मागून घेतलेलं हे पहिलं काम. एप्रिल गेला. मे आला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक गोगलगाय उताणी पडलेली दिसली. होतं असं कधी. चार दिवसांत सगळ्या पडल्या. मग मुठी मिटेनाशा झाल्या. उघड्याच राहिल्या आणि टोकांपासून विरघळत चालल्या. हिरालालनं तपासण्याचे सगळे संच काढले. खारेपणा बरोबर. तापमान बरोबर. आम्लता, अमोनिया, नायट्रेट, सगळं जिथल्या तिथे. त्यानं चौथाई पाणी बदललं. दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. दिवे वर घेतले. कोळशाची गाळणी बसवली. पाण्याची ओढ कमी केली. एका सकाळी झिंगा दगडाखाली निपचित सापडला. मंगलाबाईनं तो स्वतः चमच्यानं काढला आणि अंगणातल्या कढीपत्त्याच्या मुळाशी पुरला.

गंमत बघा, की या सगळ्या पडझडीत दोघं कधी नव्हे इतकं बोलत होती. "आज काय निघालं?" ती रोज विचारायची. हा आकडे सांगायचा. "मंग काहून मरून राहिले?" हा म्हणायचा, ठाऊक नाही. मासे मात्र मजेत होते. त्यांना काहीच झालं नव्हतं, आणि हिरालाल पाण्यातला जुना माणूस असून त्याला ते खटकलं पाहिजे होतं. खटकलं, पण पंधरा दिवस उशिरा.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत राजकुमार नावाचा केमिस्ट होता, हिरालालच्या हाताखाली शिकलेला. त्याच्याकडे हा बाटली घेऊन गेला. दुपारी एकच्या सुमाराला राजकुमार कागद हातात घेऊन गेटवर आला.

"भाऊ, कॉपर निघून राहिलं. थोडंथोडकं नाही. तुमी तांब्याची नळी तं नाही ना लावली?"

"नाही," हिरालाल म्हणाला.

गाडी चालवत घरी येताना त्यानं सगळी टाकी मनातल्या मनात खोलली. खटका प्लास्टिकचा. पंपाचा दांडा चिनी मातीचा. स्क्रू नायलॉनचे. ड्रम प्लास्टिकचा. घरात आला. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. मागच्या अंगणातून घासण्याचा आवाज येत होता.

मंगलाबाई चिंचेच्या कोळानं पितळेचा गुंड घासत होती. लग्नात करडीहून आलेला, पोटावर ठोक्यांनी "मंगला" लिहिलेला, पाणी भरायचा मोठा गुंड. तो काही लपवलेला नव्हता. पस्तीस वर्षं ओट्याशेजारी होता. हिरालाल रोज त्याच्या बाजूनं जायचा, पण रोजच्या ओट्याकडे कुणी बघत नाही, तसा त्याच्याकडे बघत नव्हता.

"हा कायले घासून राहिली?" त्यानं विचारलं.

"टाकीच्या पाण्याचा होय ना. दोनदा घासते आता, का घाणच राहून जाते का काय." ती हात न थांबवता सांगत होती. "ड्रमातलं पाणी लय तपते बाप्पा. गरम पाणी टाकलं तं मरतीन बिचारे. म्हणून मी संध्याकाळीच गुंडात भरून ठेवते, ओलं फडकं गुंडाळून. सकाळी कसं मस्त गार राह्यते."

ऊन डोक्यावर होतं. हिरालाल पायरीवर बसला. भुकेलं पाणी, रात्रभर पितळेत. आणि चिंचेनं रोज नवं कोरं उघडं केलेलं पितळ. जितके जीव मरत गेले तितकी ती जास्त घासत गेली, आणि जितकी घासत गेली तितके जास्त मरत गेले. इतकं साधं होतं. शिवाय दगडांनीही तांबं शोषलं असणार. ते आता कितीही धुतले तरी कोरलच्या कामाचे राहिले नाहीत. त्यानं दोन दिवस खपून रचलेली रास गेली. पण त्याचं त्याला काही वाटेना. त्याला वाटत होतं ते एवढंच, की हिला हे कळलं तर ही पुन्हा भिंतीला टेकून बसेल, आणि या वेळी उठणार नाही.

खोटं तयारच होतं. ते शोधावंही लागलं नाही. सेहेचाळीस तापमान होतं, कुणीही मानलं असतं. गुंड काही दिवसांनी फुटका म्हणून मोडीत काढता आला असता, प्लास्टिकचा हंडा आणता आला असता. या कामात त्याचा हात बसलेला होता.

"उन्हानं झालं," तो म्हणाला. "राजकुमारनं तपासलं. उन्हानं मेले."

मंगलाबाईचे हात थांबले. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"बरं," ती म्हणाली.

हिरालालनं ते ऐकलं. तोच आवाज, तसाच कोरा चेहरा. तो पायरीवर बसून राहिला. तिनं पुन्हा घासायला घेतलं. कढीपत्त्याखाली चिमण्या आल्या नि गेल्या. घरात भिंतीवरच्या घड्याळात चारचे ठोके पडले. तोवर तिनं गुंड धुऊन पालथा घातला होता, मागून दुपारची सगळी भांडीही घासली होती आणि ती आत जायला उठली होती.

"मंगला, थांब," तो म्हणाला. "उन्हानं नाही झालं. गुंडानं झालं."

ती उभी राहिली.

"पितळात तांबं राह्यते. आपल्या मशीनचं पाणी थे तांबं खाते. माशाले चालते, बाकीच्याईले नाही चालत. मी सगळ्याईले सांगतलं, पितळ नोको म्हणून. दुकानदाराले सांगतलं, वेल्डरले सांगतलं. तुले नाही सांगतलं. चुकी माझी होय."

मंगलाबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांत चिंच काळी झाली होती. हिरालाल वाट बघत होता: आता ती बसेल, आता भिंतीला टेकेल. ती बसली नाही.

"तुमाले कधी समजलं?" तिनं विचारलं.

"आज. एक वाजता."

तिनं दारातून आतल्या घड्याळाकडे पाहिलं.

"म्हंजे तीन घंटे," ती म्हणाली. मग अंगणाच्या मधोमध उभी राहून, कधी नव्हे असा आवाज चढवून म्हणाली, "तीन घंट्यात सांगता येते तुमाले! मंग तवा नऊ दिवस कायले लागले?"

शेजारी वच्छलेच्या घरातली भांडी वाजायची थांबली. 

"मी मरीन म्हणून? मरू द्यायचं होतं. माय होती ना मी तिची. का नव्हती?" ती मग पुढे येऊन त्याच्यासमोर, तापलेल्या फरशीवर, मांडी घालून बसली. "आता सांगा. पहिल्या दिवशी तुमी म्हणलं, दोन घास दलिया खाल्ला. कोणं खाल्ला?"

"कोणीच नाही."

"दुसऱ्या दिवशी म्हणलं, नळी काढली, आता बोलते."

"नाही. खोटं होतं."

"तिसऱ्या दिवशी नर्सबाईनं केस विंचरून देल्ले म्हणलं. दोन वेण्या घातल्या म्हणलं. मले किती बरं वाटलं होतं."

"खोटं होतं."

"चवथ्या दिवशी ताप उतरला."

"नाही."

एकेक दिवस ती काढत होती आणि एकही शब्द चुकत नव्हती. हिरालालला स्वतःला यातलं निम्मं आठवत नव्हतं. तोंडाला येईल ते तो तेव्हा बोलला होता. तिनं चार वर्षं ते सगळं जसंच्या तसं सांभाळून ठेवलं होतं. आपण काय केलं हे त्याला तिथे, त्या पायरीवर, पहिल्यांदा नीट दिसलं. छातीत काहीतरी दुखलं. कुठे दुखतं हे सांगता आलं असतं, इतकं स्पष्ट दुखलं.

"पाचव्या दिवशी," मंगलाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला, "पाचव्या दिवशी तुमी म्हणलं, तिनं इचारलं, आई कशी हाये."

हिरालालनं मान वर केली.

"थे खरं होय," तो म्हणाला. "पण पाचव्या दिवशी नाही. तिले अंदर नेतांनी, स्ट्रेचरवर. तोंडाचा मास्क बाजूले करून इचारलं. म्हणे, बाबा, आई कशी हाये? तिचा आकडा किती हाये? मी म्हणलं, नव्वद. तं म्हणे, पालथं झोपव तिले. मंग दार लावून घेतलं त्याईनं."

मंगलाबाईनं पदर तोंडात कोंबला, पण आवाज आत राहिला नाही. ती रडली तशी वरठीत कुणी कुणाला रडताना ऐकलं नसेल. वच्छला कुंपणाशी आली आणि बघून परत गेली. हिरालाल पायरीवरून उतरला आणि तिच्या बाजूला फरशीवर बसला. फरशी पोळत होती. तो तसाच बसून राहिला.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, नाक पुसलं, श्वास सावरला.

"सहाव्या दिवशी?" ती म्हणाली.